पालथा पडलो तेव्हा

शेजारी सुकट वाळतेय. वासानं मान आपोआप खाली गेली.

बोईसरला डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आत गॅस भरलेला. पालथं राहा, नाहीतर डोळा जाईल, असं डॉक्टरनं बजावलेलं. तिसऱ्या दिवशी वैतागून उठायला लागलो, तर बायको सुपात सुकट घेऊन खाटेच्या कडेशी खाली, माझ्या लोंबत्या तोंडासमोर बसली आणि निवडू लागली.

"मान वर नाय करायची. मलाच बघा."

"तुला काय बघायचं? चाळीस वर्षं बघतोय."

"तुमी होडीच बघितली."

तिच्या अंगठ्यावर विळीचा जुना वण दिसला.

"हा कधी लागला?"

"आपला बाबू पोटात होता तवा."

डोळा वाचला, ती गेली. मघाशी खाटेवर पालथा पडून बघितलं. खाली नुसती फरशी हाय.