अर्धा आणि दीड

त्या खोऱ्यात कुणाच्या हातून जनावर जखमी होऊन निसटलं, की लोक म्हणत, "त्यानं हॅल्वर केला." मेव्हिसच्या कॅफेत हा शब्द मिठाच्या डबीसारखा इकडून तिकडे सरकवला जाई. हॅल्वर नावाचा एक माणूस होता, तो याच गावात जगला आणि गेल्या मार्चमध्ये याच गावात मेला, हे नव्या पिढीतल्या कितीकांना ठाऊकही नव्हतं. त्यांना तो नुसता शब्द होता. ऑर्लिन बक्के मात्र तो शब्द ऐकला की आपल्या कपात बघायचा. सव्वीस वर्षं तो कपात बघत आला होता.

ऑर्लिननं उभा जन्म धान्याच्या गोदामावर वजनकाट्याशी काढला. संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तो दुसऱ्या काट्याशी बसे. हा काटा इतका हळवा होता की जवळ शिंकलं तरी हलायचा. वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घासायच्या, त्यांच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी दाबून बसवायची. खोऱ्यातल्या निम्म्या रायफली त्यानं भरलेली काडतुसं खात. त्याचे पैसे तो घेत नसे. कुणी ससाणा दिसला म्हणून सांगायला येई, कुणी बायकोनं केलेला मुरंबा ठेवून जाई, आणि जाताना विचारी, "ऑर्लिन, यंदा कुठली गोळी?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. काही गोळ्या नेमबाजीच्या कागदासाठी जन्माला येतात. पातळ कवचाच्या, टोकाशी पोकळ. शंभर यार्डांवर पाच मारा, पाचही भोकं एका नाण्याखाली झाकतात. बघणाऱ्याला वेड लागतं. पण हाडावर आदळली की तीच गोळी काचेच्या पेल्यासारखी फुटते, आत जातच नाही. दुसऱ्या जाड कवचाच्या, मधोमध तांब्याचा पडदा असलेल्या. पुढचा अर्धा भाग छत्रीसारखा उलगडतो आणि मागचा तसाच राहून पुढे घुसतो. एल्कसारखं घोड्याएवढं हरीण त्यांनी जागीच बसतं. पण कागदावर त्या गबाळ्या दिसतात, भोकं विस्कटून पडतात. शिवाय प्रत्येक रायफलीची आवड निराळी. एकीला जी गोळी मानवते ती दुसरीला मानवत नाही, आणि का ते कुणी सांगू शकत नाही.

ऑर्लिन जुनी वर्तमानपत्रं टपात भिजत घालायचा, त्यांचे ओले गठ्ठे एकामागे एक रचून त्यात गोळ्या मारायचा आणि मग चाकूनं पान पान उलटत गोळी कुठवर गेली ते शोधायचा. कुठली गोळी हवामानाच्या पानांपाशी विझे, कुठली मयतांच्या बातम्यांपर्यंत जाई. सापडलेल्या गोळ्या तो अंड्यांच्या खोक्यात ठेवी. काही पसरलेल्या, काही वाकलेल्या, काहींचा नुसता चुरा. त्या खोक्यांवर तारखा होत्या. त्याला स्वतःच्या आयुष्याच्या तारखा विचारल्या असत्या तर इतक्या नेमक्या सांगता आल्या नसत्या.

कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीला, एक खांद्याचं हाड खिळ्यावर टांगलेलं होतं. चपटं, पिवळट, मधे उथळ खड्डा पडलेलं. कुणी विचारलं तर ऑर्लिन म्हणायचा, "कुणाचं तरी वासरू."

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात हॅल्वरची बायको आर्डिस त्या खोलीच्या दारात उभी राहिली. एका हातात नवऱ्याची रायफल, दुसऱ्या हातात काडतुसांचं खोकं. साठी ओलांडलेली, पुरुषी जाकीट घातलेली, चेहऱ्यावर वाऱ्यानं ओढलेल्या रेघा.

"परवाना लागलाय," ती म्हणाली. "सोडतीत अकरा वर्षं नाव घालत होते. हॅल्वर जिवंत होता तोवर लागला नाही. आता लागलाय."

"एल्कचा?"

"नाही, उंदराचा." तिनं रायफल टेबलावर ठेवली. "मी नुसतं सांगायला आलेय. काडतुसं आहेत माझ्याकडे. तूच भरलेली. कपाटात मागे सापडली."

तिनं खोकं उघडून पुढे केलं. विसातली एकोणीस शिल्लक होती. झाकणावर चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं, ऑर्लिनच्याच तरुणपणच्या अक्षरात, एकच शब्द. अर्धा.

ऑर्लिननं झाकण लावून खोकं आपल्याकडे ओढलं.

"ही नको नेऊस," तो म्हणाला. "दारू जुनी झाली असेल."

"नीट ठेवली तर दारू जुनी होत नाही. हे तूच सगळ्या खोऱ्याला सांगत फिरतोस."

"दुसरी भरून देतो. दोन आठवडे दे."

"अर्ध्या इंचात पाच गोळ्या. यापेक्षा चांगलं तू काय भरणार आहेस म्हातारपणी?" ती हसली. हॅल्वरही असाच हसायचा, नाकातून. चाळीस वर्षं एका घरात राहिल्यावर हसणंही सामायिक होतं. "बरं, दोन आठवडे. रायफल ठेवून जाते. आणि हे खोकंही ठेव, तुझं तुलाच."

ती गेल्यावर ऑर्लिन त्या एका शब्दाकडे बघत राहिला.

एकसष्ट साल. तो आणि हॅल्वर दोघे चाळिशीच्या आतले. त्या वर्षी टर्कीच्या शर्यतीसाठी, म्हणजे गावच्या नेमबाजीसाठी, ज्यात जिंकणाऱ्याला जिवंत टर्की मिळे, त्यानं हॅल्वरच्या रायफलीत एक पातळ कवचाची गोळी बसवून पाहिली, आणि रायफल जणू गाऊ लागली. पाच गोळ्या, अर्धा इंच. हॅल्वरनं तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला होता, लोक मुलांचे फोटो ठेवतात तसा. शिकारीसाठी ऑर्लिननं दुसरी काडतुसं भरली, जाड कवचाची. त्यांचं वर्तुळ पडलं दीड इंच. दोन्ही खोकी त्यानं सकाळी गोदामावर जाता जाता हॅल्वरच्या ट्रकच्या सीटवर ठेवली. चिकटपट्टीवर एकावर लिहिलं अर्धा, दुसऱ्यावर दीड. कुठलं कागदासाठी आणि कुठलं मांसासाठी, ते लिहिलं नाही. संध्याकाळी सांगू म्हणून. आणि खरं सांगायचं तर तो आकडा लिहिताना त्याचा हात अभिमानानं थोडा गोल फिरला होता.

अर्धा आणि दीड यांतून अर्धा कोण उचलणार नाही?

हॅल्वर दुपारीच डोंगरात गेला. दोनशे यार्डांवर मोठा नर उभा होता. गोळी लागली, जिथे लागायला हवी तिथेच लागली. नर गुडघ्यावर आला, उठला आणि देवदारांत शिरला. पुढचे तीन दिवस दोघांनी बर्फ तुडवला. रक्ताचे थेंब विरळ होत गेले, मग नवा बर्फ पडला. चौथ्या दिवशी हॅल्वरनं मेव्हिसच्या कॅफेत सगळ्यांसमोर सांगितलं, "घोडा दाबताना झटका दिला मी. चूक माझी." कुणीतरी त्याच आठवड्यात पहिल्यांदा म्हणालं, "बघ हं, हॅल्वर करू नकोस." शब्द जन्माला आला.

मे महिन्यात ओढ्याकाठच्या वाळुंज झाडांत हॅल्वरला सांगाडा सापडला. खांद्याचं हाड घेऊन तो या खोलीत आला आणि त्यानं ते टेबलावर ठेवलं. खड्ड्यात शिशाचे आणि तांब्याचे कण खपलीसारखे चिकटलेले होते. नेम अचूक होता. गोळी आत गेलीच नव्हती.

"बघ," हॅल्वर एवढंच म्हणाला. मग त्यानं कॉफी मागितली. मग ते बार्लीच्या पिकाबद्दल बोलले.

ऑर्लिनला तेव्हाही कळलं होतं तो का बोलला नाही. एक वाक्य, आणि खोऱ्यातल्या कुणीही ऑर्लिनची काडतुसं पुन्हा हातात घेतली नसती. हॅल्वरला ते वाक्य जड नव्हतं. त्यानं ते उचललंच नाही. पुढे कित्येकदा, मासे धरताना, कुंपण दुरुस्त करताना, ऑर्लिनच्या जिभेवर ते आलं. हॅल्वर तेव्हा नेमकं दुसरं काहीतरी बोलायला लागे. गेल्या मार्चमध्ये शवपेटीला खांदा देतानाही ते त्याच्या तोंडातच होतं.

दोन आठवडे त्यानं त्या रायफलीशी झटापट केली. नळी आता झिजलेली. जाड कवचाची गोळी तिला रुचेना. पहिल्या दिवशी भोकं बशीएवढ्या जागेत पसरली. त्यानं दारू चिमूटभर कमी केली. गोळी केसभर आत बसवली, मग केसभर बाहेर. भिजलेल्या कागदांत मारून पाहिली. गोळी सुंदर पसरत होती, खोल जात होती, पण कागदावर तीन इंच, अडीच, पुन्हा तीन. एकदा, फक्त बघावं म्हणून, त्यानं जुन्या खोक्यातली पाच काडतुसं झाडली. सव्वीस वर्षांनंतरही एका नाण्याखाली. त्याला हसू आलं आणि राग आला. शेवटच्या गुरुवारी जाड गोळी दीडवर आली आणि तिथेच थांबली.

नव्या खोक्यावर त्यानं पट्टी चिकटवली. लिहिलं, मांस.

आर्डिस आली. खोकं फिरवून बघितलं. "आकडा कुठाय?"

"दीड."

"दीड? आणि मागची अर्धा होती. गंमत करतोस का? माझे हात काही सुताराचे नाहीत, ऑर्लिन, मला रायफलीची मदत हवी."

"दीडशे यार्डांच्या आत मार. दीड इंच पुरे."

"आणि तो दोनशेवर उभा राहिला तर? त्याला सांगू, जरा जवळ ये?"

"तर मारू नकोस."

"मला एकच संधी आहे. पुन्हा परवाना लागायला मी शंभर वर्षं जगणार नाहीये. कॅफेतल्या त्या लोकांसमोर मी हॅल्वर केला तर..." ती थांबली. स्वतःच्या तोंडून तो शब्द निघाल्यावर तिनं खाली बघितलं.

ऑर्लिननं भिंतीवरचं हाड काढून तिच्यासमोर ठेवलं. मग सांगितलं. दोन खोकी, ट्रकची सीट, पट्टीवरचे दोन आकडे. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं ज्याला तो घाबरला, ते एवढंच होतं.

आर्डिसनं खड्ड्यात अंगठा फिरवला.

"वासराचं म्हणालास."

"हो."

"मी इथे बसून सरबत प्यायलेय याच्याखाली." तिनं हाड उलटं करून पाहिलं. "त्याला ठाऊक होतं?"

"त्यानंच आणून दिलं."

"गाढव," ती म्हणाली. कोणाला ते ऑर्लिनला कळलं नाही. "त्यानंतर त्यानं एल्कवर बंदूक उचलली नाही. मला वाटायचं हात थरथरतात म्हणून. माझा मुलगा शाळेतून रडत आला होता एकदा, पोरं त्याला धाकटा हॅल्वर म्हणाली म्हणून. मी त्याला सांगितलं, बाबांकडून चूक झाली, माणसाकडून होते." तिनं हाड परत ठेवलं. "मला सांगून काय उपयोग? मी काय ते बोलणाऱ्यांतली आहे? मेव्हिसकडे जाऊन सांग."

"सांगतो."

"आत्ता नको. मी डोंगरातून आल्यावर. मला तेव्हा त्या सगळ्यांची तोंडं बघायचीयत." तिनं नवं खोकं जाकिटाच्या खिशात घातलं. दारात थांबून म्हणाली, "दीड, काय?"

"दीडशेच्या आत."

ती वेन्डल हॉगबरोबर गेली. घोडे वेन्डलचे, आणि जीभही वेन्डलचीच. कॅफेतली सगळ्यांत लांब. पाच दिवस ऑर्लिननं काही भरलं नाही. काटा झाकून ठेवला. मनाच्या एका क्षुद्र कोपऱ्यातून त्याला वाटून गेलं, की तिला जनावर दिसलंच नाही तर बरं. मग त्याला स्वतःची किळस आली.

सहाव्या सकाळी तिचा ट्रक दारात आला. तिनं मुठीतून एक वस्तू टेबलावर टाकली. पसरलेली, चार पाकळ्यांची, मागचा भाग शाबूत.

"पलीकडच्या कातडीखाली होती. तीस पावलं गेला आणि बसला." मग, जरा वेळानं, "पहिल्या दिवशी तीनशेवर एक होता. याहून मोठा. वेन्डल कानाशी मार, मार करत होता. मी नाही मारलं."

ऑर्लिननं सवयीनं गोळी काट्यावर ठेवली. दोन तृतीयांश वजन उरलं होतं. वहीत लिहिलं.

"चल," ती म्हणाली.

कॅफेत फासे चालले होते. कॉफी कुणी पाजायची ते रोज फाशांवर ठरे. वेन्डल तीनशे यार्डांवरच्या नराची शिंगं हातांनी दाखवत होता, आणि ती दर वेळी वाढत होती. ऑर्लिन बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं उभ्यानंच सांगितलं. फासे टाकणाऱ्याचा हात हवेतच राहिला. मेव्हिसनं किटली खाली ठेवली.



"म्हणजे हॅल्वरचा नेम नीट होता," मेव्हिस म्हणाली.

"जिथे धरला तिथे लागला."

"आणि तू हे आत्ता सांगतोस," वेन्डल म्हणाला. "मग इतकी वर्षं आम्ही जे करत होतो ते काय? ऑर्लिन करत होतो?"

"तसं म्हणा," ऑर्लिन म्हणाला.

"काडतुसं बदलायला हवीत आता सगळ्यांना," कोपऱ्यातून कुणी पुटपुटलं. कुणी हसलं नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या खोलीत माणसं कमी येऊ लागली. काही येतच राहिली, आणि खोकं घेताना पट्टीवरचा शब्द मोठ्यानं वाचून बघू लागली. आर्डिसनं मांसाचं एक पुडकं दारात ठेवलं, आत आली नाही. पुढच्या महिन्यात आली. हाडाखाली बसली, कॉफी प्यायली आणि बार्लीच्या पिकाबद्दल बोलली. ऑर्लिनला क्षणभर वाटलं, समोर हॅल्वर बसलाय. त्यानं तिचा कप पुन्हा भरला, नको म्हणत असतानाही.

फेब्रुवारीत एके सकाळी कॅफेत एक तरुण गुराखी आपल्या हातून निसटलेल्या हरिणीची गोष्ट रंगवून सांगत होता. "आणि मग मी सरळ हॅल्वर..." तो अडकला. मेव्हिस त्याच्याकडे बघत होती. तो ऑर्लिनकडे वळला, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "म्हणजे... ऑर्लिन केला."

ऑर्लिननं कपातून वर बघितलं. "कुठली गोळी होती?" त्यानं विचारलं.