गादीमुळे थांबलेला खेळ

पाऊस आणि अंधुक उजेड सोडून, केवळ गादीमुळे क्रिकेटचा खेळ थांबल्याची घटना नाशकात एकदाच घडली. ती गादी आमची होती.

त्याचं झालं असं. माझी मुलगी अश्विनी, वय वर्षं तेरा, शाळेच्या टीममध्ये खेळते. एक दिवस तिच्या पीटीच्या सरांनी निरोप धाडला, की जिल्ह्याच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी निवड चाचणी आहे, गंगापूर रोडला, एका अकॅडमीच्या मैदानावर. चाचणी फुकट! मी खूश. मग खालची ओळ वाचली. 'किट स्वतःचं आणावं.'

मी अंबडला एका कारखान्यात टर्नर आहे. किट म्हणजे नेमकं काय, हे बघायला आम्ही बापलेक खेळाच्या मोठ्या दुकानात गेलो. मी पॅडची किंमत वाचली आणि पॅड अलगद होता तसा ठेवला (आपल्या हातून फुटला तर!). घरखर्च भागवून माझ्या पगारातून जे उरतं, त्यात फार तर एका ग्लोव्हचा अंगठा आला असता.

"पप्पा, ऐका ना, मी तर..." अश्विनी म्हणाली.

"तू गप्प! मोठ्या घरच्या पोरींसमोर माझी पोरगी उघड्या पायांनी जाणार नाय! लोखंड केसाएवढं बारीक तासतो मी. पॅड काय अवघड आहे?"

पोरीचं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं असतं, तर ही आठवण इथेच संपली असती.

माळ्यावर सावरीच्या कापसाची एक गादी होती, बायकोच्या माहेरून आलेली. ती मी उसवली. (त्या वेळी सुनंदा बाजारात गेली होती. हा योगायोग नव्हता.) रिक्षाची सीट शिवणाऱ्याकडून पांढरं रेक्झिन आणलं, मापं घेतली, कापूस ठासून भरला.

"अहो, ही माझी गादी!" पिशव्या हातात घेऊनच सुनंदा ओरडली.

"होती. आता पॅड आहे."

"यात गुडघा कुठे वाकणार?"

गुडघ्याचा विचार मी केलाच नव्हता! पण टर्नर माणूस बायकोपुढे डिझाइनची चूक कबूल करत नाही. "चांगल्या पॅडमध्ये वाकत नसतो," मी ठोकून दिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझेच गुडघे वाकले.

हेल्मेटचा प्रश्न आमच्या कारखान्यातल्या वेल्डरनं, रज्जाकभाईनं सोडवला. माझ्या जुन्या स्कूटरच्या हेल्मेटला त्यानं पुढून लोखंडी जाळी जोडून दिली. "डंपर गेला ना वरून, तरी काय नाय होणार!" तो म्हणाला. वजनही साधारण डंपरएवढंच होतं.

चाचणीच्या सकाळी आम्ही तिघं एका दुचाकीवर निघालो. पॅड माझ्या हत्यारांच्या पिशवीत, हेल्मेट सुनंदाच्या मांडीवर. गेटवर वॉचमननं एकवार माझ्याकडे, एकवार पिशवीकडे पाहिलं. "एसीवाले ना? मागच्या गेटनं."

"एसीवाला नाय, प्लेयरचा बाप आहे!" मी गरजलो. (तरी आम्ही मागच्याच गेटनं गेलो. पार्किंग तिकडे होतं.)

आत पोरी चाकं लावलेल्या बॅगा ओढत येत होत्या. विमानतळावर आल्यासारखं वाटलं मला! एकीच्या बॅगेत तर तीन बॅट. आमच्याकडे शाळेची एक, तीही सरांकडून मागून आणलेली.

अश्विनीचं नाव पुकारलं. पॅड बांधून ती निघाली. निघाली म्हणजे, दोन्ही पायांना प्लास्टर असल्यासारखी सरकत सरकत पिचवर पोचली. निवड करणाऱ्या मॅडमनी हेल्मेट हातात घेतलं आणि त्यांचा हात खाली गेला. "हे काय आहे?"

"सेफ्टी!" मी कुंपणापलीकडून ओरडलो.

"हे घालून मी हिला खेळू देणार नाही. मान मोडेल." त्यांनी दुसऱ्या मुलीचं हेल्मेट दिलं. पहिला बॉल आला आणि सरळ पॅडवर बसला. माझी शिवण उसवली!

सावरीचा कापूस कधी उडताना पाहिलाय? तो पडत नाही, तरंगतो. बघता बघता पिच पांढरं झालं. बॉलर शिंकली, विकेटकीपर शिंकली, मॅडम तर सलग सात वेळा शिंकल्या. "थांबा! खेळ थांबवा!" त्या दोन शिंकांच्या मध्ये म्हणाल्या. मी धावत आत गेलो आणि कापूस गोळा करू लागलो. मी जितका धावेन तितका तो पुढे!

तीन बॅटवाली मुलगी, रेवा, पुढे आली. "माझे पॅड घे ना," ती आपणहून म्हणाली.

"थँक्यू. पण नको," अश्विनी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पप्पा, दुकानापासून हेच सांगतेय. मी बॉलर आहे! शाळेत मला अकराव्या नंबरला पाठवतात."

कापसाचा गोळा उराशी धरून मी तसाच उभा राहिलो.

मग पोरीनं बॉल हातात घेतला. समोर रेवा, नखशिखांत किटमध्ये. पहिला बॉल, मधला स्टंप उडाला. पुढचा तिनं कसाबसा अडवला. तिसऱ्याला परत मधलाच! रेवानं बॅट काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या डोळ्यांत कापूस गेला.

पोरगी एवढी सरळ कशी टाकते, याचं कारण मला ठाऊक होतं. आमची गल्ली पाच फुटांची. डावीकडे उघडं गटार, उजवीकडे जगतापकाकूंची कोरी स्कूटी. बॉल डावीकडे गेला तर गटारात हात, उजवीकडे गेला तर जगतापकाकू! गंगापूर रोडच्या कुठल्याही अकॅडमीत एवढं कडक कोचिंग मिळत नसेल.

दुपारी यादी वाचली. अश्विनीचं नाव तिसरं होतं! सुनंदानं माझा दंड एवढा आवळला, की गादीचा हिशेब तिथेच चुकता झाला. वर मॅडम म्हणाल्या, "किटची काळजी करू नका, संघाची बॅग असते." मग त्यांनी विचारलं, "बॉलिंग कोणी शिकवली हिला?"

इथे खरं सांगायला हवं होतं. पण छाती एवढी फुगली होती, की तोंडातून निघून गेलं, "मीच."

"अरे वा! टाका बघू एक." मॅडमनी माझ्या हातात बॉल ठेवला.

बावीस वर्षांत मी बॉल टाकला नव्हता. लांबून धावत आलो, हात गरकन फिरवला. खांद्यात कट्टकन आवाज झाला आणि बॉल गेला मागच्या मागे, पाण्याच्या जारवर.

मॅडमनी आधी जारकडे पाहिलं, मग सुनंदाकडे. "पोरगी आईवर गेलीये," त्या म्हणाल्या.

महिनाभर हात गळ्यात होता. कारखान्यात कुणी विचारलं, तर मी छाती काढून सांगायचो, "काही नाही हो, जिल्ह्याच्या सिलेक्शनला गेलो होतो. बॉलिंग करताना खांदा गेला." यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा!