सोमवारी न जुंपलेली लॉरी

आमचे थोरले भावजी धोंडप्पा यांची लॉरी सोमवारी रस्त्यावर दिसायची नाही, हे कुंभारी गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. सोमवार महादेवाचा. त्या दिवशी नंदीच्या मानेवर जू ठेवायचं नाही, ही आम्हा लिंगायतांच्या घरची रीत. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यावाचून भावजींना बैल विकावे लागले. पुढे त्यांनी ही जुनी लॉरी घेतली, पण रीत बैलांचीच ठेवली. सोमवारी तिला धुवायचं, विभूतीचे पट्टे ओढायचे आणि उभी करायची. लोक विचारतात, "धोंडप्पा, पेंड चारली का लॉरीला?" भावजी म्हणतात, "चारली की."

यंदा पासिंगची तारीख आली ती नेमकी सोमवारी. वर्षातून एकदा सोलापुरात आरटीओकडून गाडी तपासून घ्यावी लागते, त्याशिवाय माल भरता येत नाही. रंग, टायर, ब्रेकचं काम यातच भावजी टेकीला आले होते. फीही भरून झाली होती. तारीख चुकली की फी पुन्हा, आणि नवी तारीख मिळेपर्यंत गाडी दारात. उसाचा हंगाम तर तोंडावर.

तारीख बदलून मागायला भावजी जाऊन आले. कारकुनाने मान वर न करताच नाही म्हटलं. आमचे हे म्हणाले, दुसरा ड्रायव्हर पाठवू. त्यावर भावजींनी विचारलं, बैल माझा आणि जुंपणार दुसरा, मग पाप कुणाच्या माथी? मी देवापुढे बसले खरी, पण त्याचाच दिवस मोडायची परवानगी त्यालाच कशी मागायची?

रविवारी रात्री भावजी ताटावर बसेनात. तेव्हा जाऊबाई नागम्माक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सोमवारी बैलं वड्यावर पाण्याला नेत व्हता का न्हाय?"

"नेत व्हतो की."

"मग हिलाबी तशीच न्या. माल नको, भाडं नको. ह्याला जुंपणं कोण म्हणतंय?"

भावजी उठले. मग हात धुऊन जेवायला बसले.

सकाळी ते रिकामी लॉरी घेऊन निघाले. ओझं नको म्हणून सख्ख्या भावालाही आत घेतलं नाही. हे बिचारे एसटीने मागोमाग गेले. तिथे गाडी चालवून बघायला इन्स्पेक्टर स्वतःच आत चढून बसले. ह्यांना वाटलं, आता भावजी त्यांना उतरा म्हणतात की काय. पण भावजींनी मुकाट्याने गाडी फिरवली, सांगितलं तिथे ब्रेक मारून दाखवला. शिक्का मिळाला. येताना नाक्यावर एकजण चार पोती घेऊन हात करत होता. भावजींनी त्याला लांबूनच नमस्कार केला.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलंच, साहेबांचं वजन कसं चाललं? भावजी पाय धूत म्हणाले, "ढोरांचा डॉक्टर बैलाला हात लावतोच की. ते काय ओझं व्हय?"

नागम्माक्का पदर तोंडाला लावून हसल्या. आठवडाभरात घरात कुणी हसलं नव्हतं. उद्या पहाटे भावजी मार्केट यार्डात माल भरायला जाणार. वर्षाचा घोर मिटला. महादेवाने आपला दिवसही राखला आणि आमची गाडीही.