वहिनींचा उजवा पाय

वहिनी गेल्या, असं दादानं फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न पायाचा विचारला. "पुन्हा चिघळला का?" तो म्हणाला, "नाई रे. पायाचं काही नाई. हार्ट." वर्ध्याहून पुलगावला पोचेपर्यंत मला ते पटलं नव्हतं. आता दीड महिना होत आला. अजून पटलेलं नाही.

त्यांचा आजार आम्हाला कळला तो नमस्कारामुळे. गेल्या दिवाळीची गोष्ट. आपण बहुतेक जण वाकतो, हात गुडघ्यापाशी हवेतच नेतो आणि उठतो. माझी मुलगी मात्र पावलांना हात लावते. वहिनींपुढे ती वाकलेलीच राहिली. "मोठीआई, तुझा उजवा पाय असा थंडा काऊन आहे?" वहिनी म्हणाल्या, "एक पाय आधीच नदीत सोडून ठेवला, बाई." सगळे हसले, मीही. खरं तर बाजारातून येताना पोटरी भरून यायची आणि त्या कुणाच्याही ओट्यावर बसायच्या. वयाचं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

थंड पायाला शेक, हा घरोघरचा उपाय. त्यांनी गरम पाण्याची पिशवी लावली. मधुमेहामुळे पावलाला चटका कळला नाही. फोड आला, अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, पायाकडे रक्तच पोचत नाही, गुडघ्याखालून काढावा लागेल. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, एका पायाच्या बाईचा आशीर्वाद अर्धाच लागते का?" आणि मग, "मले न्हाणीत कोणी उचलून नेऊ नये. बाकी काही नाई."

नागपूरच्या डॉक्टरांनी दुसरी वाट सांगितली. जांघेतून बारीक तार बंद रक्तवाहिनीपर्यंत न्यायची, तिथे फुगा फुगवून ती मोकळी करायची. पाय वाचण्याचे टक्के किती, मी विचारलं. ते म्हणाले, "आकडा सांगतो, पण तो तुमच्या वहिनींचा नसेल." हेही म्हणाले, की पायाच्या वाहिन्या अशा असतील तर हृदयाच्याही तशाच असू शकतात. गोळ्या लिहून दिल्या. त्या वेळेवर घेतल्या जात होत्या, पण आम्हा सगळ्यांचं लक्ष पायावर होतं.

आम्ही तीच वाट धरली. अंगठा गेला, पाय राहिला. वॉर्डात दादानं चादर बाजूला सारून त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं. वहिनी कासावीस झाल्या. "अहो, काय करून राह्यले! लोक पाहून राह्यले ना. बायकोच्या पाया पडता काय?"

"गरम आहे," दादा म्हणाला.

पुढे ते रोजचंच झालं. सकाळी उठला की दादा पलंगाच्या पायथ्याशी बसायचा, पाऊल चाचपायचा, "गरम आहे" म्हणायचा. मग वहिनी स्वतःच्या पायांनी न्हाणीत जायच्या, येऊन चहा ठेवायच्या. गेल्या त्या दिवशीही तसंच झालं. चहा जळल्याचा वास आला तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला... भेटायला येणारे म्हणत, "दोन्ही पायांनिशी गेली, तेवढं तरी बरं." दादा मान हलवायचा. लोक गेल्यावर मला म्हणाला, "मी पाह्यला होता रे. गरम होता."

परवा पुलगावला मुक्काम केला. सकाळी उठलो तर दादा वहिनींच्या पलंगाच्या पायथ्याशी बसलेला, हात चादरीवर. मी चहा केला. त्याला दोनदा हाक मारावी लागली.