सोळाव्या होलवरचा सहा नंबर

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी जाम चौरस्त्यावरच्या माझ्या दुकानात एका ट्रकवाल्याला ताडपत्री मोजून देत होतो. फोन त्याच्या बायकोचा, कुंदावहिनींचा. "भाऊजी, हे गेले… सकाळी वांगे तोडाले बसले, ते उठलेच नाई." एवढंच बोलल्या. मी "निघतो" म्हटलं, ताडपत्री कापून दिली, शटर ओढलं आणि मोटरसायकल वर्ध्याजवळच्या नालवाडीकडे काढली. चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला होता. रडू यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की उद्या पेपरात देविदासचा फोटो येईल. मी गेलो तर कोण छापणार आहे? या गोष्टीला आता दीड महिना झाला, आणि तो विचार मला अजून सोडत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघे पुलगावकडच्या एका खेड्यातले. माझ्या वडिलांचं किराणा दुकान, त्याच्या घरी भाजीपाल्याची शेती. गावापासून कोसभरावर फौजेच्या साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं, नऊ होलचं. हिरवळ कसली, होलच्या भोवती तेल मारून दाबलेली वाळू असायची आणि उन्हाळ्यात चेंडूमागे धुराळा उठायचा. कॉलेजात असताना आम्ही दोघंही तिथं कॅडी म्हणून जायचो, म्हणजे साहेबांची बॅग उचलायची, चेंडू कुठं पडला ते पाहायचं आणि कितव्या नंबरची स्टिक घ्यावी ते सांगायचं. साहेब घरी गेले की उरलेल्या उजेडात आम्ही खेळायचो. तेव्हा मी त्याच्यापेक्षा चांगला खेळत होतो. हे माझं मत नव्हे, सगळे कॅडी म्हणायचे. माझा फटका दिसायला देखणा होता. देविदास मारायचा तेव्हा विळ्यानं चारा कापल्यासारखा दिसायचा.

एक मेजरसाहेब बदलून चालले होते. जाताना आपला जुना स्टिकचा सेट ते कुणातरी कॅडीला देणार होते. त्यांनी आम्हा दोघांना पाच-पाच चेंडू मारायला लावले. माझे पाचही सरळ गेले. देविदासचा एक बाभळीत गेला. साहेबांनी सेट देविदासच्या खांद्याला अडकवला. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "ये गेंद को देखता है. तू हर शॉट के बाद मुझे देखता है." त्यात राग नव्हता, साधी खरी गोष्ट सांगावी तसं ते बोलले. घरी जाताना देविदास म्हणाला, "सुध्या, सेट आपल्या दोघाईचा. तू सोमवारी घेजो, मी मंगळवारी." मी म्हटलं, "मले नाई पाहिजे." आणि खरंच कधी घेतला नाही. घेतला असता तर कदाचित… जाऊ द्या. पुढं वडिलांना लकवा झाला आणि मी दुकानात बसलो. तो नागपूरला गेला, एका क्लबात कामाला लागला, साहेबांना शिकवू लागला आणि बघता बघता व्यावसायिक खेळाडू झाला. हे सगळं मी तराजूमागं बसून ऐकत होतो. गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, "काय हो, तो तुमचाच दोस्त नं?"

मग त्याला कोलकात्याच्या त्या जुन्या स्पर्धेत जागा मिळाली. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली स्पर्धा. मैदानावरच्या आम्हा कॅडींना तिचं नाव देवाच्या नावासारखं पाठ होतं. पात्रता फेरी पार करून तो गावी आला तो थेट माझ्या दुकानात. "बॅग तूच उचलशील," म्हणाला. "तिथले कॅडी लय हुशार असतीन रे, पण ते मले ओळखत नाई. तू चाल." मी आठ दिवस दुकान भावावर टाकून गेलो. का गेलो? मैत्री होतीच. पण तो तिथं पडलेला मला पाहायचा होता, हेही खरं.

तो पडला नाही. तिथली हिरवळ पाहून आम्ही दोघंही पहिल्या दिवशी बुजलो होतो. पाय ठेवायला लाज वाटावी अशी हिरवळ. पण देविदास पहिले दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी वर सरकला आणि चौथ्या, शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर आला तेव्हा तो तिसऱ्या जागेवर होता. फलकावर मोठमोठ्या नावांच्या खाली त्याचं नाव, आणि ज्यांचे फोटो आम्ही कापून जपायचो अशी माणसं त्याला "वेल प्लेड" म्हणत होती. त्याची बॅग माझ्या खांद्यावर होती. पट्टा रुतून खांदा सोलला होता. मला वाटलं, हा खांदा माझा, आणि ते नाव? तेही माझंच असायला हवं होतं.

सोळावा होल छोटा, पण मधे तळं. चेंडू एका फटक्यात पाण्यापलीकडं टाकायचा. सात नंबरची स्टिक चेंडू थोडा जवळ टाकते, सहा नंबरची थोडा लांब. देविदासनं विचारलं, "सात का सहा?" वारा समोरून होता. माझ्या गालाला लागत होता, झाडांच्या शेंड्यांना दिसत होता. सात नंबरनं चेंडू पाण्यात जाणार हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं.

मी म्हटलं, "सात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग वाकून चिमूटभर गवत उपटलं, हवेत सोडलं. ते उलटं त्याच्याच सदऱ्यावर येऊन पडलं. त्यानं बॅगेतून स्वतःच्या हातानं सहा नंबर काढला, आणि मारला, तसाच, चारा कापल्यासारखा. चेंडू पाण्यावरून गेला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तो तिसरा आला. संध्याकाळी एका हिंदी पेपरवाल्यानं त्याला विचारलं, सोळाव्यावर डोक्यात काय चाललं होतं? देविदासनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "सोचा इसने, भैया. मैंने तो बस मारा." ते तसंच छापून आलं. वर्ध्याला सत्कार झाला तेव्हा आम्हा दोघांना सारखे हार घातले गेले. लोक मला विचारू लागले, "सहा नंबर कसा काय सुचला तुम्हाले?" सुरुवातीला मी नुसता हसायचो. पुढं पुढं सांगू लागलो, वारा कसा होता, मी कसा अंदाज घेतला… सांगून सांगून मलाच ते खरं वाटू लागलं होतं. देविदास शेजारी बसून मान हलवायचा.

त्याला कळलं होतं का? की मी चुकलो असं समजून त्यानं मला झाकून घेतलं? मी कधी विचारलं नाही. त्यानंतर काही वर्षं मी अधूनमधून त्याची बॅग उचलली. तो दर वेळी विचारायचा, "सुध्या, काय मारू?" मी सांगेन तो नंबर घ्यायचा. गवत उडवून पाहायचा नाही. तो असा विचारायचा तेव्हा मला त्याचा सर्वांत जास्त राग यायचा. खेळात तो माझ्या पुढं गेला हे एकवेळ मी सोसलं असतं. पण हे असं विचारणं…? नंतर पाठीनं दगा दिला, तेव्हा खेळ सोडून त्यानं नालवाडीला शेत घेतलं आणि पुन्हा भाजी पिकवू लागला. जामवरून जाताना, मी तिथं नंतर थाटलेल्या दुकानात वांग्यांची पिशवी टाकून जायचा. ती वांगीसुद्धा बाजारातल्या वांग्यांपेक्षा चांगली असायची.

तेराव्या दिवसानंतर नालवाडीत शोकसभा झाली. मला बोलायला उभं केलं. एक जण मागून म्हणाला, "भाऊ, सोळाव्याचं सांगा." मी सांगितलं… तेच, नेहमीचं. बायका डोळे पुसत होत्या. मी खाली बसलो. ज्याची सभा, त्याचा फटका मी त्याच्या फोटोसमोर पुन्हा एकदा पळवला होता.

चार दिवसांनी शेतावर गेलो. कुंदावहिनी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होत्या. मी बांधावर बसून सगळं सांगितलं, वाऱ्यापासून सात नंबरपर्यंत. हात न थांबवता त्यांनी ऐकलं. पुढची जुडी उचलत म्हणाल्या, "मंग आता काऊन सांगून राह्यले?"

"पेपरात लिहायचं म्हणतो. त्याले ठाऊक होतं काय, वहिनी?"

"मले त्यायनं कधी सांगतलं नाई. सांगण्यासारखं असतं तर सांगतलं असतं." त्यांनी जुडीला गाठ मारली. "तुमचा जीव जळून राह्यला म्हणून लिहू नका. तुम्ही किती वाईट होते, हे वाचून लोकायले काय भेटते? तुमचंच नाव होईन पुन्हा. लिहायचं असन तर एवढं लिहा, का तो सहा नंबर यायनं काढला होता. इतके वर्स तुमच्या नावावर होता तो."

मी उठलो. त्यांनी हाक मारून दोन जुड्या हातात दिल्या. "घरी द्या," म्हणाल्या.

तर, वर्ध्याच्या आणि पुलगावच्या लोकांनो, ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली त्या सगळ्यांनो… त्या दिवशी वारा देविदासनं ओळखला. सहा नंबर देविदासनं काढला, आणि मारलाही त्यानंच. मी सात सांगितला होता. आता तो फटका पुरता त्याचा झाला, आणि हे लिहून झाल्यावरही मला त्याचा हेवा वाटतो आहे.