कारणाचा रकाना

आमच्या रक्ततपासणी केंद्रात घरोघरी जाऊन रक्त आणणारे दोघे आहेत. त्यातल्या थोरल्यांना सगळे सुईमामा म्हणतात. एकोणीस वर्षं हेच काम. दंडाला पट्टा बांधता बांधता असं काही बोलतात की सुई कधी गेली ते माणसाला कळत नाही. मामांचे आजोबा परमुलखातून आले होते. मामा इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले. रंग आणि तोंडवळा मात्र आजोबांचा.

रक्त दोन तासांत आणि थंड पेटीतून पोचावं लागतं, नाहीतर नमुना बाद. बाद नमुन्याचा एक फॉर्म असतो. त्यातल्या कारणाच्या रकान्यात आणणाऱ्याने लिहिलेलं कारण रुग्णाच्या कागदावरही छापून जातं. गेल्या चार महिन्यांत मामांची पेटी अकरा वेळा बाद झाली. अकराही वेळा त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडून हाताळणीत चूक.' शिक्का मारायचं काम माझं. मी मारत गेलो. दुसऱ्या माणसाचा रस्ता तोच, पेटी तशीच, पण त्याचा एकही नमुना बाद नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अकराव्या वेळी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी लेखी बजावलं : आणखी एक पेटी बाद झाली तर काम बंद. आठवड्याभरात बारावी बाद झाली. मामा कोरा फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. तेव्हा कुठे मी विचारलं.

पुलाजवळच्या नाक्यावर शंभर गाड्या जातात, मामांची स्कूटर मात्र पोलीस बाजूला घ्यायला लावतात.

"कुठला रे तू?"

"इथलाच, साहेब."

"मूळचा कुठला? आणि पेटीत काय?"

"रक्त, साहेब. नऊ जणांचं. मी काही केलेलं नाही."

"नऊ जणांचं रक्त काढून आलास, आणि वर म्हणतोस काही केलं नाही?"

"सगळे हसले. मीही हसलो," मामा म्हणाले. "हसलं की लवकर सोडतात. आज पाऊण तास लागला. झाकण उन्हात उघडंच."

"मग स्वतःची चूक म्हणून का लिहिता?"

"माझ्या भावाने एकदा तक्रार केली होती. वर्षभर त्याच्या दारात पोलिसांची गाडी. शेवटी घर बदललं त्याने. तुमच्याकडे पोलीस आले तर शेजारी विचारतील, काय चोरीला गेलं? आमच्याकडे आले तर विचारतात, काय चोरलं?"

मग त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'नाक्यावर पोलिसांनी पाऊण तास थांबवलं. कारण सांगितलं नाही.'

डॉक्टरबाईंनी वाचलं. "हे असं नऊ जणांच्या हातात जाणार? 'वाहतुकीमुळे उशीर' लिहा. मी सांभाळून घेते, तुमचं कामही राहील."

"वाहतूक सुरळीत होती, मॅडम. थांबवलं फक्त मला."

"मामा, मी तुमच्याच भल्याचं सांगतेय."

"माहीत आहे, मॅडम."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कारण आणणाऱ्याने लिहायचं, असा नियम आहे. मी शिक्का मारला. बाई आत गेल्या, पण काम बंदचा कागद त्यांनी काढला नाही.

नऊ जणांत एक आजी होत्या, पूर्वी शिवणकाम करायच्या. त्यांच्या औषधाचं प्रमाण रक्त तपासल्याशिवाय ठरत नव्हतं, आणि त्या आठवड्यात त्यांना दोनदा टोचून झालं होतं. दुपारी मामा पुन्हा त्यांच्याकडे निघाले. मीही सोबत गेलो.

"या! परत हाताळणीत चूक झाली वाटतं?" आजींनी दारातच टोमणा मारला.

मामा उभेच राहिले. "चूक माझी नव्हती, आजी. मागच्या वेळीही नव्हती." आणि सगळं सांगितलं. सांगताना एकदाही हसले नाहीत.

आजी आपल्या काळ्यानिळ्या पडलेल्या कोपराकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्याशी खोटं बोललास?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण भीती जास्त वाटत होती."

"आणि आता नाही वाटत?"

"वाटते."

आजींनी दुसरा हात पुढे केला. "टोच. आणि उद्या त्या नाक्यावर किती वाजता पोचतोस?"

"तुम्ही कशाला, आजी? ह्या वयात, उन्हात..."

"रक्त माझं आहे ना? मग मलाही विचारू दे त्यांना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आजींच्या दंडाला पट्टा बांधला. मग हलकेच म्हणाले, "साडेनऊ."