आमच्या दारात आलेलं मामूंचं दुकान

मामू तापलेल्या गाडीला हात लावत नसत. बॉनेटमधून वाफ निघत असो, ड्रायव्हर कितीही घाईला आलेला असो, मामू सायकल भिंतीला टेकवून शांतपणे उकिडवे बसत. कोणी फारच मागे लागलं तर म्हणत, "तापलेल्याला छेडू न्हाई. गार होऊ द्या तिला, मग काय दुखतंय ते तीच सांगंल." मीरा, ओम, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शिवाय यात माझी एक कबुली आहे. ती फोनवर द्यायला जमली नाही.

सगळी परळी त्यांना रेडिएटरवाले मामू म्हणे. रेल्वे गेटच्या पलीकडे, वीज केंद्रातल्या राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानात पाण्याचा एक हौद. गाडीतून काढलेला रेडिएटर त्यात बुडवायचा, नळीने हवा सोडायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, एवढीच त्यांची तपासणी. बुडबुडा दिसला की त्यावर बोट ठेवून मालकाकडे बघत. "मी न्हाई म्हणत, पाणी म्हणतंय."

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही आलात आणि तुमच्या आजोबांची जीप चालू करायचा हट्ट धरलात. तेव्हा तिचा रेडिएटर बसवायला मामू आपल्या घरी आले होते. काम झाल्यावर चहा पिताना म्हणाले, "गावातली माणसं येतात बाई. पण भायेरचे डायवर आता माणसाला विचारत न्हाईत, फोनला विचारतात. आन् फोनला मी ठाऊक न्हाई." मीरा, तू लगेच माझा फोन घेतलास आणि ओट्यावर बसूनच नकाशावर नोंद केलीस. दुकानाचं नाव, मामूंचा नंबर, सायकलीजवळ ताठ उभ्या राहिलेल्या मामूंचा फोटो. तू बसली होतीस ओट्यावर, म्हणून फोनने दुकानही ओट्यावरच धरलं. हे तुझ्या लक्षात आलं नाही, आणि माझ्याही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी फाटकाशी कांद्याचा टेम्पो येऊन थांबला. समोरून नुसती वाफ. "मावशी, रेडिएटरवाले इथंच ना?" मी सांगितलं, इथे नाही, रेल्वे गेटच्या पलीकडे. तो हताश होऊन म्हणाला, "आता ही इथून हलत न्हाई बघा." मी मामूंना फोन लावला, त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. अर्ध्या तासात मला त्याच्या तिन्ही बहिणींची सासरं कळली. मामू आले, रेडिएटर काढून सायकलला बांधून घेऊन गेले, दुरुस्त करून परत आले. टेम्पो गेला तेव्हा दुपार टळली होती आणि मी जेवायची विसरले होते.

त्यानंतर आठवड्याला दोन-तीन गाड्या येऊ लागल्या. मी फाटकाशी एक भरलेली बादली आणि तांब्या ठेवू लागले. वैजनाथाच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब दोन तास अडकलं, तर त्यांच्यातल्या आजींनी माझी मेथीची जुडी निवडून दिली आणि जाताना माझ्या गुडघ्यासाठी तेलाचं नाव सांगितलं. तुमचा फोन रविवारी येतो. एरवी दूधवाला "बाई, दूध" म्हणतो आणि मी "हो" म्हणते, इतकंच या घरात बोलणं होतं. त्या पावसाळ्यात मात्र मी दोनदा चहाची पूड संपली म्हणून वाण्याकडे गेले.

मामू एकदा म्हणाले, "बाई, तेवढं दुकान नकाशावर माझ्या जागी नेऊन ठेवा." मी म्हणाले, करते. नोंद माझ्याच फोनवरून झालेली, त्यामुळे ती मलाच बदलता येत होती. सूचना इंग्रजीत होत्या आणि सोप्या होत्या. आयुष्यभर शाळेत मुलींच्या वह्यांतली एकही चूक मी तशी सोडली नाही. ही एक सोडली. मामूंनी पुन्हा विचारलं नाही. मीरा, तू एका रविवारी विचारलंस, "आजी, मामूंचं दुकान बरोबर दिसतंय ना?" मी म्हणाले, "हो."

खरी गोष्ट अशी की सगळेच थांबत नव्हते. काहीजण घर बघून फसवलं म्हणत, आणि गाडी कशीबशी रेटत हमरस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात जात. एकाने तर नकाशावर मामूंना एकच तारा देऊन लिहिलं, 'इथे दुकान नाही. एक आजी चहा देतात. चहा चांगला आहे.'

मी ते मामूंना वाचून दाखवलं. ते खो खो हसले. "चहा चांगला म्हणतो आन् तारा एकच देतो? काय माणूस हाय!" मग हसणं थांबवून त्यांनी सायकलची घंटी उगाच पुसली. "या हप्त्यात एकच गाडी झाली, बाई. हौदातलं पाणी शेवाळलं." ते एवढंच म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, पण मला ओट्यावर बसवेना.

ते गेले आणि मी चष्मा लावून बसले. नकाशावरची खूण बोटाखाली धरून गल्लीतून बाहेर काढली, रेल्वे गेट ओलांडलं आणि पत्र्याच्या दुकानावर सोडली. तीन महिने टाळलेलं काम चार मिनिटांत झालं.

दुसऱ्या दिवशी मामूंना फोन करून सांगितलं. "केलं व्हय? मला वाटलं दिवाळीपर्यंत न्हाई व्हायचं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसं न्हाई? दोन कप हातात घेऊन फाटकात उभ्या राहायच्या तुमी. म्हणून घाई केली न्हाई मी."

मी फोन ठेवला आणि फाटकाशी जाऊन बादली भरली.

मामूंचं दुकान चालू लागलं. आपल्या दारात गाडी थांबेनाशी झाली. तरी मी बादली भरून ठेवत होते, हाताला सवय झाली होती म्हणून. एक दिवस मामू सायकलवरून आले, बादलीकडे बघून म्हणाले, "ही कावून भरता आता?"

"अशीच."

त्यांनी तांब्या घेतला, हातावरचं काळं धुतलं, तोंडावर पाणी मारलं आणि ओट्यावर बसले. "पाणी वाया जाऊ नये," म्हणाले. दुकानातला नळ सोडून रेल्वे गेट ओलांडून कोणी हात धुवायला येत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पुढे ते रोजच दुपारी येऊ लागले. गेट बंद असलं तर उशीर होई, पण येत. चहा अर्धा कप घेत आणि आज कोणत्या गावची गाडी आली होती ते सांगत. कधी काहीच बोलत नसत. दोन माणसं गप्प बसतात तेव्हा घराचा आवाज वेगळा असतो, हे मला आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदा आठवलं.

गेल्या महिन्यात सलग दोन दिवस मामू आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली. झोपेतच गेले म्हणाली. जाताना उंबऱ्यावर थांबून तिने विचारलं, "बाई, ते नकाशावरचं तुमालाच जमतं ना? अब्बांचा फोन बंद केलाय, पण डायवर लोक येतात. बंद शटरपुढं गाडी घेऊन उभे राहतात."

माझा पहिला विचार मी लपवत नाही. त्या फोटोत मामू अजून सायकलीजवळ ताठ उभे आहेत, राहू दे, कोणाचं काय जातं, असं मला वाटलं. मग ते शटर डोळ्यांपुढे आलं. तिथे सावली नाही, आणि तापलेल्या गाडीसाठी तिथे बादलीही कोणी भरून ठेवलेली नाही.

त्याच संध्याकाळी मी चष्मा लावला. फोनने विचारलं, जागा तात्पुरती बंद आहे की कायमची? मी कायमची निवडलं. खात्री आहे का, असं त्याने पुन्हा विचारलं. मी हो म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. मग फोनने माझे आभार मानले.

मी बाहेर गेले. मामूंनी शेवटचे हात धुतल्यापासून बादली अर्धीच होती. ती भरून ठेवली.